एका पायरीची एक थप्पड

मोऱ्या,

ट्रकवाल्याने तीन वेळा हॉर्न दिला होता. तो स्वतः तसं सांगतो, आणि साकोलीच्या त्या चौकातला पानठेलेवालाही तेच सांगतो. मी त्या पानठेल्यावर दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो माणूस वैतागला. म्हणाला, "किती खेपा तेच तेच विचारता भाऊ? सायकल हातात धरून थो रोड पार करून राहिला होता. अर्धा रोड झाला. ट्रक डावीकडून येऊन राहिला, अन् हा उजवीकडं पाहून राहिला. हॉर्न वाजला का मान उजवीकडंच! पिऊन असन, अजून काय?"

मी त्याची कॉलर धरली. चुन्याचा डबा सांडला, लावलेली दोन पानं चिखलात गेली, चार माणसं मधे पडली. तू असतास तर म्हणाला असतास, दिन्या, तुझं डोकं म्हणजे उन्हाळ्यातली धानाची तणस, काडी लागायचा अवकाश. पण तू पीत नव्हतास हे त्याला कोणीतरी सांगायलाच हवं होतं. जन्मात थेंब घेतला नाहीस. तुला चढायची ती एकच गोष्ट, आणि ती कॅसेटच्या फितीवरून यायची.

मग तुझ्या तेरवीला कारध्याला आलो. पत्रावळ पुढ्यात होती, तुझी माय वाढत वाढत माझ्यापाशी आली आणि उकिडवी बसली. म्हणाली, "सारे लोक म्हनतात पिऊन होता, पिऊन होता. दिनू, माया पोराले डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तीन वर्सं झाली. नदीत सूर मारला, कानात पानी गेलं म्हने. महिनाभर वाहून राहिला होता कान. तुले माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणालो. ते खरंही होतं आणि खोटंही. तुला ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वीचा पोळा मला माहीत होता, आणि तिचं बोलणं संपायच्या आत मला कळलं होतं की त्या कानात पाणी गेलं नव्हतं, माझा हात बसला होता. समोरचं वरण मी तसंच ठेवलं आणि हात धुवायला उठलो.

एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. सगळं जग त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने बोलतं. तीन हॉर्न तू ऐकलेस मोऱ्या, तिन्ही ऐकलेस, आणि तिन्ही वेळा उजवीकडे पाहिलंस. ट्रक चालवत होता तो दुसराच माणूस. पण तुझी मान उजवीकडे वळवली ती मी. हे मायला सांगायचं आहे, पोळ्याच्या आत, आणि पोळा पाच दिवसांवर आला आहे. तोंड उघडत नाही. म्हणून आधी तुला सांगून बघतो.

तशी आपली ओळखच मारामारीने झाली. भंडाऱ्याचं कॉलेज, अकरावी, सायकल स्टँड. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमधला, फॅक्टरीतल्या क्लार्कचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट घालणारा. तू नदीपलीकडच्या कारध्याचा, पायाला धानाच्या बांधीतला चिखल वाळलेला. तुझी सायकल माझ्या सायकलीवर पडली, मी आईवरून शिवी दिली, तू माझं डोकं हँडलवर आपटलंस. दुसऱ्या दिवशी टाका पडलेल्या कपाळाने मी वर्गात आलो तर तू बाकावर माझी जागा धरून बसलेला. म्हणालास, "काल तू शिट्टी कोनत्या गान्याची वाजवून राहिला होता बे?" मी म्हणालो, मार खाताना शिट्टी कोण वाजवतो? "मार खाताना नाही बे, त्याच्या आधी."

एवढ्या भांडणात तुला माझी शिट्टी ऐकू आली होती. असे कान होते तुझे.

त्या शिट्टीचं गाणं आमच्या शेजारच्या कुट्टीकाकांच्या खोक्यातलं होतं. काका केरळचे, फॅक्टरीत कामाला, आणि त्यांचा भाऊ आखातात. दर सुट्टीला तो भाऊ तिकडे भरलेल्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी आणायचा, काका एकदोनदा ऐकून बुटाच्या खोक्यात टाकायचे आणि खोका मला देऊन मोकळे व्हायचे. कॅसेटवर जे काही लिहिलं असेल ते मल्याळीत, गोल गोल अक्षरांत. काकांना विचारलं तर म्हणायचे, "लिखा है, इंग्लिश गाना, नंबर चार." त्यामुळे कोणत्या अल्बमचं नाव काय आणि गाणारे कोण, हे आपल्याला कधी कळलंच नाही. आपण आपली नावं ठेवली. अख्खं जग ज्या अल्बमांना आणखी कोणत्या नावाने ओळखत असेल, ते कारध्याला तुमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बैलांच्या साक्षीने नव्याने बारशाला बसले.

'रेल्वे फाटक' हे तुझं. सुरुवातीलाच घंटा, मग ढोल असा यायचा की फाटकावर उभं राहून मालगाडी मोजतोय असं वाटावं. 'कुऱ्हाड' माझं. त्यात गिटार वाजत नव्हती, लाकूड फुटत होतं. 'लोणचं' म्हणजे जिच्या कव्हरवर तेलाचा डाग होता ती, आणि आतला आवाजही तसाच, मुरलेला. 'रडकी बाई' आपण दोन वर्षं ऐकली, तू तर त्या बाईवर जीव टाकून बसला होतास, आणि एक दिवस कुट्टीकाका पोट धरधरून हसले, "अरे, वो आदमी है!" तू आठ दिवस जेवला नाहीस, असं मायने मला सांगितलं. आणि 'खाली डबा'. त्यात डबा बडवल्यासारखं काहीतरी वाजायचं. पहिल्यांदा ऐकून तू म्हणालास, "हा मानूस नाही वाजवून राहिला. मशीन आहे. मानूस एवढा सरळ वाजवूच नाही शकत." पुढे मी नागपूरला छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो, तिथल्या एका जाणत्याने सांगितलं, खरंच तशी मशीन असते. हल्ली सगळीकडे तीच. कारध्याच्या कोठ्यात तणशीवर बसून तू ते ओळखलं होतंस.

पहिले दहा नंबर कोठ्याच्या आतल्या भिंतीवर कोळशाने लिहायचे, ही कल्पना तुझी. तुझी माय दर पोळ्याच्या आदल्या दिवशी कोठा झाडून भिंत शेणामातीने सारवायची, त्यामुळे वर्षाची यादी दर पोळ्याला पुसली जायची आणि नवी लिहावी लागायची. आणि तिथेच रक्त निघायचं. पहिल्या वर्षी आपण 'लोणचं' तीनवर की चारवर यावरून एकमेकांना गव्हाणीत लोळवलं. माझा पुढचा दात पडला. तो तूच शोधून दिलास, वैरणीतून. म्हणालास, असं नाही चालायचं, नियम पाहिजे.

नियम तू केलास. ज्याला कॅसेट एक पायरी वर चढवायची त्याने समोरच्याची एक थप्पड खायची. हात पाठीमागे, डोळे उघडे, मागे सरकायचं नाही. दोनवरून एकवर न्यायची तर तीन थपडा. थप्पड गालावर, कानावर नाही. ज्याला मार खायची तयारी नाही त्याने आवडीनिवडीच्या गोष्टी करू नयेत, असं तुझं म्हणणं. आता लोक वर्तमानपत्रात याद्या छापतात, हे पहिलं, ते दुसरं. मी त्यांची मुद्रितं तपासतो आणि मनात म्हणतो, या नंबरासाठी यांनी काय खाल्लं?

लोकांना हे सांगितलं तर वेड्यात काढतील. पण खरं सांगतो, त्या थपडांनी मला ऐकायला शिकवलं. एखादं गाणं मला आवडतं म्हणजे नेमकं किती आवडतं, हे मला तुझ्या हाताखाली कळलं. 'लोणचं' एका थपडेचं होतं. 'कुऱ्हाडी'साठी मी तीन खाल्ल्या, आणि तुझा हात म्हणजे नांगर धरणारा हात. दोन दिवस मला डावीकडून जेवता येत नव्हतं. घरी सांगितलं, दाढ सुजली.

मग पंच्याऐंशीचा पोळा. 'कुऱ्हाड' एकवर, 'रेल्वे फाटक' दोनवर, दोन वर्षं तसंच चाललं होतं, आणि तू म्हणालास, आज फाटक वर जाईल. सारवलेली भिंत नुकती सुकली होती. दुपार होती, माय पाण्यावर गेली होती. तू हात पाठीमागे घेऊन उभा राहिलास. मी एक मारली. तू म्हणालास, "मार न बे. हळूहळू काहून मारून राहिला?" दुसरी जोरात मारली. तू हसलास. आणि मग म्हणालास ते. "दिन्या, एक सांगू का तुले? टेप तुया घरी आहे. पन कान माये आहेत."

खरं होतं म्हणून लागलं. टेप आमच्या घरचा, खोका माझ्या शेजाऱ्यांचा, टेप-कॅसेटी मी आणणार, मी लावणार, मी बंद करणार, आणि त्यात काय आहे ते मात्र प्रत्येक वेळी तू सांगणार. मी तोवर काहीच ऐकलेलं नसायचं. तिसरी थप्पड मी नियमाने मारली नाही. पंजा पसरून, खांद्यापासून, तुझ्या कानावर मारली. मारायचं होतं म्हणून मारली. चुकून बसली असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो, आज तुला नाही सांगणार.

ओल्या मातीचा गोळा भिंतीवर आपटावा तसा आवाज झाला. बैलाने मान वळवली. तू तणशीवर बसलास, कानाला पंचा लावलास, पंचा पाहिलास आणि घडी करून ठेवून दिलास. मग उठून कोळसा घेतलास आणि एक नंबरला 'रेल्वे फाटक' लिहिलंस. ओळ पार वाकडी गेली. मी हसलो रे. म्हणालो, ढोराच्या पायाने लिहितोस का?

त्यानंतर तू रस्त्याने नेहमी माझ्या डाव्या बाजूने चालायला लागलास. सायकलवर असलो तरी तसंच, कडेच्या मुरमाडातून सायकल हाकायचास आणि मला मधला रस्ता द्यायचास. मला वाटलं, पोरगं सुधारलं, मान द्यायला लागलं. तू फक्त मला तुझ्या चांगल्या कानाकडे ठेवत होतास.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी कुट्टीकाकांचा भाऊ वॉकमन घेऊन आला. आमच्या टेपला एकच स्पीकर, सगळं एकात एक कालवून ऐकायची आपल्याला सवय. मी हेडफोन लावून 'कुऱ्हाड' ऐकली आणि उडालो. तिच्यात दोन गिटारी होत्या! एक उजव्या कानात, एक डाव्या कानात, दोन माणसं एकाच झाडावर दोन्हीकडून घाव घालताहेत. मी वॉकमन शर्टात लपवून थेट कारध्याला आलो. तू पुलाखाली, नदीच्या पात्रात, टरबुजाच्या वाडीत राखणीला बसला होतास. हेडफोन तुझ्या डोक्यावर मीच चढवला, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि तुझ्या तोंडाकडे बघत बसलो.

तू बराच वेळ ऐकलंस. मग म्हणालास, "कुठं आहे दुसरी गिटार? एकच तं आहे."

मी म्हणालो, नीट ऐक. तू पुन्हा ऐकलंस. "नाही बे."

मला वाटलं तू मुद्दाम करतोयस. दुसरी गिटार कबूल केलीस तर 'कुऱ्हाड' वर न्यावी लागेल, म्हणून खोटं बोलतोयस. मी ओरडलो, तुझ्याच भाषेत ओरडलो, "बहिरा आहे का बे तू?"

तू हेडफोन काढलास, वाळूवर अगदी जपून ठेवलास, आणि मला मारायला सुरुवात केलीस. ते थपडांचं मारणं नव्हतं. त्याला नियम नव्हता. तू माझ्या बरगड्यांत गुडघा घातलास, मी तुझा अंगठा चावला, तू माझं तोंड वाळूत दाबून धरलंस आणि मी हाताला लागलं ते टरबूज तुझ्या डोक्यावर फोडलं. वेलींवरून लोळलो, आठ-दहा टरबुजं फुटली, दोघं लालभडक, बिया कपाळाला चिकटलेल्या. पलीकडच्या वाडीतला म्हातारा बोंबलत आला, "मुडदा पाडला रे, मुडदा पाडला!" त्याला टरबुजाचं रक्त वाटलं. त्यातलं थोडं रक्तच होतं.

तू रडत होतास. मार लागला म्हणून मोऱ्या रडणार नाही एवढं मला कळायला हवं होतं. मी वॉकमन उचलला आणि निघून आलो. तुझं माझं ते शेवटचं. दोन वर्षं एका शब्दाने बोललो नाही. मी नागपूरला, तू साकोलीच्या राईस मिलमध्ये, अधूनमधून भंडाऱ्याच्या स्टँडवर दिसायचास आणि दोघंही बसच्या पाट्या वाचायचो.

हरामखोरा, सांगितलं का नाहीस? त्याच वाळूत, त्याच क्षणी म्हणाला असतास, हो बे, बहिरा आहे, तूच केलास. मी पाय धरले असते. नागपूरला मेडिकलला नेलं असतं. काही नाही तर निदान सगळ्यांना सांगत फिरलो असतो की याच्या डाव्या बाजूने कोणी येऊ नका. तू झाकून ठेवलंस आणि मला दोन वर्षं फुकटची अकड बाळगू दिलीस. तुझ्या या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. आहे तिथे ऐकून घे.

तेरवीच्या दिवशी हात धुवून मी कोठ्यात गेलो होतो. भिंतीवर यादी होती. गेल्या पोळ्याला तू एकट्यानेच लिहिलेली, दहाच्या दहा ओळी, कोळसा थोडा फिका पडलेला. एक नंबरला 'कुऱ्हाड'. दोन नंबरला 'रेल्वे फाटक'. मला काही समजेना. ज्या पोराने दुसऱ्या गिटारीवरून माझी बरगडी मोडली, त्याने माझ्यामागे माझीच कॅसेट एकवर नेऊन ठेवली होती.

उलगडा कुट्टीकाकांनी केला. जवाहरनगरला घरी गेलो तर ते जिन्यात भेटले. तुझं त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "पिछले साल आया था वो. दो-तीन बार. वॉकमन मांगा, यहीं सीढ़ी पे बैठ के सुना. लेकिन एक बात थी उसकी, हेडफोन उल्टा लगाता था. मैं बोला, बेटा, उल्टा है. बोला, रहने दो काका, एक बार सीधा सुनता हूँ, एक बार उल्टा."

मी तिथेच पायरीवर बसलो. काकांनी वॉकमन आणून दिला. मी डाव्या कानात कापूस कोंबला, वरून बोट दाबलं, आणि 'कुऱ्हाड' लावली. एकदा सुलट. पहिली गिटार. एकदा उलट. दुसरी गिटार. दोन्ही मिळून कधीच नाही. म्हणजे तू ती कॅसेट अर्धी अर्धी ऐकलीस, अर्ध्याला अर्धं डोक्यात जोडलंस, आणि ते जोडकाम करून झाल्यावर मान्य केलंस की दिन्या खरं बोलत होता. वर नियमाप्रमाणे 'कुऱ्हाड' चढवायला तीन थपडा लागतात. त्या तू आधीच खाऊन बसला होतास.

मला मात्र कळवलं नाहीस. कारण दुसरी गिटार ऐकली म्हणायचं तर कशी ऐकली हेही सांगावं लागलं असतं.

इथवर लिहून कागद घडी करून ठेवला होता. आज कारध्याहून परत आलो आहे, आणि पुढचं लिहितो.

उद्या पोळा. मी पोचलो तेव्हा माय कोठ्यात शेणमाती कालवत होती. मला वाटलं होतं यंदा तुमच्याकडे काही करणार नाहीत. ती म्हणाली, "बैलायनं काय केलं? त्यायले कायचं सुतक?" दोन्ही बैलांपुढे हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी हे तू म्हणायचास. यंदा तिने ते पुरं म्हटलं.

मी म्हणालो, माय, एक सांगायचं आहे. ती म्हणाली, सांग न. मी उभ्यानेच सांगितलं, घडाघडा, थांबलो असतो तर सांगूच शकलो नसतो. थपडांचा नियम, तिसरी थप्पड, कान, मुद्दाम मारला हेही. नदीत सूर वगैरे काही मारला नव्हता, माय. ट्रक त्याला त्यामुळेच दिसला नाही. मी मारला तुझा पोरगा.

तिचे हात घमेल्यात चालूच होते. "माहीत आहे," म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. पुन्हा सांगायला लागलो. तिने मान वर केली. "त्यानं मले नदीचं सांगतलं. मी म्हनलं, बरं बापा, नदी तं नदी. पान्याचे पाच बोटं गालावर उमटतात का रे? आंधळी आहो का मी? पोळ्याच्या आदल्या दिवशी कोठ्यात कोन होतं, मले माहीत नाही?"

"मग तू मला कधी बोलली का नाहीस?"

"त्यानं तुयं नाव झाकलं. मी कायले उघडू?"

"आणि तेरवीला विचारलंस ते?"

"तू सांगतं का नाही, ते पाहून राहिली होती." मग घमेलं माझ्याकडे सरकवलं. "हात लाव. भिंत आज तूच सारव."

मोऱ्या, तुझी यादी मी पुसली. खालून सुरुवात केली, एकेक नाव मोठ्याने वाचत. दहा, नऊ, आठ. 'रडकी बाई' सातवर होती, अजूनही जीव होता तुझा तिच्यावर. 'खाली डबा' पाचवर. वर वर जाताना हात जड होत गेला, आणि माय मागे उभी राहून सांगत होती, तिथं सुटलं, तिथं पुन्हा मार. एक नंबरच्या 'कुऱ्हाडी'वरून हात फिरवला तेव्हा भिंत सगळी एकसारखी ओली झाली. तुझं अक्षर आता कुठेच नाही.

भिंत सुकेपर्यंत आम्ही बैलांचे खांदे शेकले. तिने हळद-लोणी लावलं, मी फडकं धरलं. मग तिने चुलीतून एक विझलेला कोळसा आणून माझ्या हातात दिला. "लिव."

दहा नावं लिहिली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. एक नंबर, 'रेल्वे फाटक'. दोन नंबर, 'कुऱ्हाड'.

"फाटक त्याचं होतं न?"

"हो."

"पुसलं तवा दोनवर होतं. तू वर नेलं?"

"हो, माय."

ती जवळ आली. पदराला हात पुसले. "मंग तुमचा नियम काय आहे?"

मी हात पाठीमागे घेतले आणि डोळे उघडे ठेवले. तुझी माय, मोऱ्या, जिने तुला जन्मात बोट लावलं नाही. तिची पहिली जेमतेम लागली. दुसरी जोरात होती, धान झोडणाऱ्या हाताची, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसरीच्या आधी ती थांबली, मोठ्याने रडली, आणि रडता रडता मारली. बैल मान वळवून पाहत होते.

तिन्ही थपडा गालावर बसल्या. कानाला तिने एकही लागू दिली नाही.

'रेल्वे फाटक' एक नंबरला आहे, मोऱ्या.